मनुका आणि मुदतठेव

माणसाने सुखी कसं व्हावं, हा प्रश्न बुद्धापासून आमच्या शेजारच्या विमा एजंटापर्यंत अनेकांनी आपापल्या परीने सोडवला आहे. पण तो सुटल्याचं जावक क्रमांक घालून, परिपत्रक काढून कळवणारी माझ्या माहितीतली पहिली संस्था म्हणजे मी जिथे गेली वीस-बावीस वर्षं खर्डेघाशी करतो ती बँक. (नाव सांगत नाही. नोकरी अजून बारा-चौदा वर्षं आहे.)

परिपत्रकाचा विषय होता : 'सजगतेच्या सरावातून चिरस्थाई सुखाची जोपासना'. 'चिरस्थाई'मधली 'ई' माझी नव्हे, परिपत्रकाची. ती तेवढी ध्यानात ठेवा. पुढे तिचं काम आहे. स्थळ, नाशिकमधल्या एका हॉटेलाचा हॉल. वेळ, सकाळी साडेनऊ. उपस्थिती, सक्तीची. आणि वार? महिन्याचा दुसरा शनिवार!

ज्यांनी बँकेत नोकरी केली नाही त्यांना दुसऱ्या शनिवारचं माहात्म्य कळायचं नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला पुरी सुट्टी मिळायला लागली. त्या दिवशी मी काय करतो? काही करत नाही. नऊला उठतो. दाढी करत नाही. पोहे खाऊन पुन्हा आडवा होतो आणि पंख्याकडे बघत राहतो. आमच्या घरात सुख म्हणून जो काही प्रकार आहे तो महिन्यातून दोनदा, त्या पंख्याखाली सापडतो. नेमकं तेच रद्द करून बँक मला सुख शिकवणार होती.

"सुख शिकायला सुट्टीच्या दिवशी बोलावतात," सौ. म्हणाली, "मग दुःख कधी शिकवतात?"

"सोमवार ते शुक्रवार," मी म्हणालो, "आणि पहिल्या-तिसऱ्या शनिवारी."

तसा मी सुखाच्या विरुद्ध नाही. पण मी बी.कॉम. आहे, सेकंड क्लास. आणि बी.कॉम. माणसाला 'चिरस्थायी' हा शब्द ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. कॉलेजच्या तीन वर्षांत आम्हांला काही शिकवलं असेल तर तो घसारा. टेबल घेतलं, घसारा. मोटार घेतली, घसारा. इमारत बांधली, तिच्यावरही घसारा. मग सुखावर तो किती टक्के धरायचा, आणि सरळ रेषेच्या पद्धतीने की घटत्या शिलकेच्या, एवढं तरी परिपत्रकात असायला नको? माझा अनुभव घटत्या शिलकेचा आहे. नवा फ्रीज आला त्या महिन्यात सौ. मला 'अहो' म्हणताना जो स्वर लावीत असे, त्याचं पुस्तकी मूल्य आता एक रुपयावर आलं आहे.

तर गेलो. चार-पाच शाखांचे मिळून आम्ही साठेक जण जमलो होतो. मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी मागे खुर्च्या होत्या. पाच मिनिटांत खुर्च्या संपल्या. शिकवायला आलेले गृहस्थ पांढऱ्या कुडत्यातले, तिशीतले आणि इतके शांत होते की यांनी आयुष्यात कधी पेन्शनच्या रांगेपुढे बसून 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य उच्चारलेलं नाही, हे एका नजरेत कळत होतं. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली.

"ही मनुका आपण आयुष्यात पहिल्यांदाच पाहतो आहोत, अशी पाहा. तिच्यावरच्या सुरकुत्या पाहा. तिला चांगली-वाईट म्हणू नका. आता जिभेवर ठेवा. चावू नका."

साठ बँक कर्मचारी, एकूण नोकरी हजार-बाराशे वर्षांची, एकेक मनुका जिभेवर धरून डोळे मिटून बसले आहेत, हे दृश्य मी एक डोळा किलकिला करून पाहून घेतलं. रोज दुपारी आम्ही पोळीभाजीचा अख्खा डबा सात मिनिटांत, डाव्या हाताने स्टेपलर शोधत संपवतो. इथे एका मनुकेला बारा मिनिटं! या वेगाने गेलो तर दुपारचा डबा निवृत्तीच्या दिवशी संपेल आणि ग्रॅच्युइटी घेताना हात खरकटा असेल.

"काय अनुभवलंत?" गृहस्थांनी विचारलं. आणि दुर्दैवाने माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या हेडकॅशियरकडे बोट केलं.

हेडकॅशियर निफाडकडचा. घरी द्राक्षबाग. तो म्हणाला, "ही मनुका नाही. हा बेदाणा आहे. मनुकेत बी असते."

"बरं. पण आपल्याला नाव द्यायचं नाहीये. आणखी काय जाणवलं?"

"धुरी जास्त झालीय. गंधकाची धुरी देतात, पिवळा राहावा म्हणून. आणि वाळत घातलेला असताना याच्यावर पाऊस झालाय. कडेला काळा पडलाय बघा. चार किलो द्राक्षांचा किलोभर होतो हा. ज्याचा कुणाचा असेल, त्याला भाव नाही मिळालेला."

"छान. पण आपण पारख करायची नाही. फक्त अनुभवायचं. पुढचे कोण?"

हेडकॅशियर खाली बसला. साठ जणांमध्ये त्या बेदाण्याकडे खरोखर पाहिलेला माणूस तो एकटाच होता, आणि तोच नापास झाला.

मग व्याख्यान. त्यातली माहिती चांगली होती, ते नाकारत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना त्यांच्या फोनवर वेळी-अवेळी गाठून विचारलं की, आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि बरं वाटतंय का? निष्कर्ष असा की, माणसाचं मन ४६.९ टक्के वेळ भलतीकडे असतं आणि भलतीकडे असताना माणूस कमी सुखी असतो. हे ऐकून इतरांचे चेहरे उतरले; मला उलट हुरूप आला. म्हणजे ५३.१ टक्के वेळ माझं मन कामावर असतं! शाखेत माझ्याबद्दल याहून बराच वाईट अंदाज आहे.

"भूतकाळ गेला," गृहस्थ म्हणाले, "भविष्यकाळ आलेला नाही. आपल्या हातात फक्त हा क्षण. विचार येतील. त्यांना आकाशातल्या ढगांसारखं येऊ द्या, जाऊ द्या."

वाक्य सुंदर आहे. पण साठ बँकवाल्यांपुढे ते बोलायचं म्हणजे खाटकाच्या दुकानात अहिंसेवर कीर्तन! बँक हा धंदाच मुळी वर्तमानकाळ वगळून चालतो. ठेव म्हणजे भविष्यकाळ, थकबाकी म्हणजे भूतकाळ, आणि वर्तमानकाळ म्हणजे या दोघांची टॅली लागत नाही ती वेळ. उद्या एखादा कर्जदार येऊन म्हणाला, 'साहेब, मागचे सहा हप्ते हा भूतकाळ आहे, त्यांना ढगासारखं जाऊ द्या,' तर हीच बँक त्याच्या दारावर कुठली नोटीस चिकटवते, ते मला माहीत आहे. मीच टाइप करतो.

शेवटी शंकासमाधान झालं. मला सभेत बोलायची सवय नाही. पण त्या दिवशी उठलो. कारण मला खरोखरच एक शंका होती आणि ती वर्षभर पोटात होती.

आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. एक काका काउंटरवर आले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, कानाला मोबाइल. मुदतठेव मोडून चार लाख एका खात्यात पाठवायचे होते. ते खातं कुठल्या तरी परराज्यातलं, कुठल्या तरी कंपनीच्या नावाचं. माझ्यापुढे एकतीस टोकनं होती. चार काउंटरांपैकी दोन बंद : एकाची बदली झालेली, एक निवृत्त झालेला आणि दोन्ही जागा तशाच. मी मान वर न करता फॉर्म तपासला, सही जुळवली, काम चार मिनिटांत उरकलं. जाताना काकांनी अभिप्रायवहीत लिहिलं : 'सेवा अत्यंत तत्पर.'

दोन दिवसांनी ते परत आले तेव्हा सोबत मुलगा होता. पोलिसाच्या वेषातल्या कुणा भामट्याने त्यांना व्हिडिओवर धमकावून, 'तुम्ही डिजिटल अटकेत आहात' असं सांगून रात्रभर फोनपुढे बसवून ठेवलं होतं. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. पण ते काकांना ठाऊक नव्हतं, आणि मला जे ठाऊक होतं ते सांगायला मी मान वर केली नव्हती. पैसे गेले ते गेले. काका मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

ही गोष्ट मी त्या हॉलमध्ये, आवाज शक्य तितका खाली ठेवून सांगितली आणि विचारलं, "हे रात्री आठवतं. काय करावं?"

गृहस्थांनी डोळे मिटले, उघडले आणि फार मायेने सांगितलं, "तो एक ढग आहे. श्वासाकडे लक्ष द्या. त्याला जाऊ द्या."

साठ जणांनी टाळ्या वाजवल्या. जेवायची वेळ झाली होती.

परतताना हेडकॅशियरच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. सीबीएसजवळ चहाला थांबलो. मी चिडलो होतो. म्हटलं, "हे श्वासाचं सगळंच थोतांड आहे."

"थोतांड नाही," तो म्हणाला. "मी इगतपुरीला दहा दिवस काढलेत."

हे मला नवीन होतं. मागे तो दहा-बारा दिवस रजेवर गेला होता तो मूळव्याधीसाठी, असा शाखेत सर्वांचा समज होता आणि आम्ही आस्थेने चौकशीही केली होती. त्याने सांगितलं ते असं : पहाटे चारला घंटा. साडेचारला बैठक. दहाव्या दिवसापर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही, फोन नाही, वही-पेनसुद्धा नाही. अकराला जेवण, संध्याकाळी नवख्यांना चहा आणि फळ, बस्स. पहिले तीन दिवस नुसता नाकातून येणारा-जाणारा श्वास बघायचा. फी शून्य, शिबिर संपल्यावर इच्छा असेल तर दान.

"मग सुख मिळालं?"

"गुडघे दुखले," तो म्हणाला. "पण तेव्हापासून नोटा मोजताना कुणी मध्ये बोललं तर मी ओरडत नाही."

हे मात्र खरं होतं. आम्ही त्याचं श्रेय मूळव्याधीच्या ऑपरेशनला दिलं होतं.

आणि मग त्याने मला जी हकिकत सांगितली, ती ऐकून मी दुसरा चहा मागवला. इगतपुरीचं केंद्र उभं करणारे गोएंका मूळचे मंडालेचे व्यापारी. डोकेदुखीने हैराण झाले होते. १९५५ साली ते रंगूनला ज्यांच्याकडे ही विद्या शिकायला गेले ते उ बा खिन कोण? साधू नव्हेत, संन्यासी नव्हेत. ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल! कारकून म्हणून हिशेबखात्यात चिकटलेला माणूस १९४८ साली, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, त्या खात्याचा मुख्य झाला आणि १९५० साली त्याने आपल्याच ऑफिसातल्या लोकांसाठी विपश्यनेचं मंडळ काढलं. म्हणजे आमच्याच जातीचा, खतावणीतला माणूस! आणि हे गोएंका डोकेदुखी घालवायला आले आहेत म्हटल्यावर त्याने त्यांना आधी परत पाठवलं. डोकं दुखायचं थांबावं म्हणून येणार असाल तर येऊ नका, मन साफ करायचं असेल तर या.

आता बघा. तो हिशेबनीस बरं वाटावं म्हणून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत होता. आणि आम्हांला इथे बरं वाटावं म्हणून सुट्टी रद्द करून बोलावलं होतं.

घरी आल्यावर मुलाच्या कम्प्युटरवर थोडं वाचलं. (बी.कॉम. माणूस चिडला की व्हाउचर मागतो.) 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द या अर्थाने रूढ झाला तो १८८१ साली, ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या भाषांतरातून. हेही एके काळचे सिलोनमधले सरकारी नोकर! पाली शब्द आहे 'सति'. म्हणजे आपला 'स्मृती'. म्हणजे आठवण! ज्याला आम्हांला मागचं सगळं ढगासारखं सोडून द्यायला सांगितलं, त्या विद्येचं नावच मुळी आठवण. शिवाय ही 'सम्यक स्मृती' अष्टांगिक मार्गात सातवी. तिच्याआधी सम्यक वाचा आहे, सम्यक कर्म आहे, आणि पाचवी सम्यक आजीविका : पोट भरायचा धंदा सचोटीचा हवा. म्हणजे कर्ज आठ हप्त्यांचं आणि आम्हांला सांगतात फक्त सातवा भरा, बाकीचे माफ! अशी कर्जमाफी तर निवडणुकीच्या वर्षातही होत नाही. आणि ज्याच्या नावावर हे 'चिरस्थाई' खपतं, त्या बुद्धाचा पहिला धडा कोणता? सगळं अनित्य आहे. म्हणजे भगवान बुद्ध आमच्या घसाऱ्याच्या पक्षाचे निघाले.

सोमवारी ऑफिसात गेलो तर प्रत्येक काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटवलेला : 'क्रुपया श्वासाकडे लक्ष द्या. आपण सुखी तर ग्राहक सुखी.' बंद असलेल्या दोन काउंटरांवरही होता. तिथे श्वास घेणारं कुणी नव्हतं, पण परिपत्रकात सर्व काउंटर असं म्हटलं होतं.

साडेअकराच्या सुमारास बाई आल्या.

या बाईंची ओळख करून द्यायला हवी. निवृत्त मुख्याध्यापिका. वय पंचाहत्तरच्या पुढे. नऊवारी नाही, पण आवाज नऊवारी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक घेऊन येतात आणि भांडतात. पासबुकाच्या यंत्राने दोन नोंदी एकावर एक छापल्या, तारीख वाकडी आली, 'तुमचा तो खडखड्या दुरुस्त का करत नाही?' पण त्यांचं खरं युद्ध आमच्या मराठीशी. पर्समध्ये लाल पेन असतं. भिंतीवरच्या सूचनेत 'रांगेत उभे रहावे' असलं की त्या रांग सोडून जातात, 'रहावे'चं 'राहावे' करतात आणि परत रांगेत येतात. 'शुध्द' तर त्यांनी आमच्या थंड पाण्याच्या पिंपावरूनही खोडलेलं आहे. त्या आल्या की साहेब केबिनचं दार लोटून घेतात. मी लोटू शकत नाही. माझ्यापुढे काच आहे, तीही भोक असलेली.

बाईंनी मुदतठेवीची पावती पुढे केली. "मोडायची आहे. आठ लाख. या खात्यावर पाठवा. आजच."

समोर तेवीस टोकनं होती. मी फॉर्म ओढला. आणि मन लागलं भटकायला. मला खात्री आहे, तो वेळ त्या ४६.९ टक्क्यांतलाच होता. मला आधी बटाटेवडा आठवला. मग बाईंनी गेल्या महिन्यात 'खडखड्या' म्हटल्याचं आठवलं. मग वाटलं, अरे, आज पासबुकाचं काहीच बोलल्या नाहीत. मान वर केली. बाईंच्या नाकासमोर, चार बोटांवर तो कागद होता : 'क्रुपया'. आणि बाईंनी पेन काढलं नव्हतं.

त्यांचा एक हात पर्समध्ये होता. पर्सच्या आत उजेड दिसत होता. मोबाइल चालू होता.

आणि मला ते काका आठवले. तोच तो ढग. बरं झालं, गेला नव्हता.

आता काय करावं? मोठ्याने बोलावं तर पलीकडचा ऐकतोय. मी म्हटलं, "बाई, ते 'कृपया' बरोबर लिहिलंय का हो आमच्या लोकांनी?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. सवयीने लाल पेन काढलं. 'क्रु' खोडून 'कृ' केला. हात इतका थरथरत होता की तो 'कृ' पहिलीतल्या पोराने काढावा तसा आला. तो बघितला आणि बाई काउंटरवर डोकं टेकून रडायला लागल्या.

पुढचं काम हेडकॅशियरने केलं. पिंजऱ्याला कुलूप लावून तो बाहेर आला, बाईंच्या पर्समधला फोन हळूच काढला आणि समोरच्या वर्दीतल्या माणसाला अत्यंत शांत आवाजात म्हणाला, "साहेब, श्वासाकडे लक्ष द्या. तुमचा नंबर आम्ही लिहून घेतलाय." फोन कटला. इगतपुरीचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला, तो असा. बाई आदल्या संध्याकाळपासून झोपल्या नव्हत्या. १९३० वर तक्रार नोंदवली, भाच्याला बोलावून घेतलं, चहा पाजला. ठेव मोडली नाही. आठ लाख जागच्या जागी राहिले.

याला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तेवीस टोकनांची एकोणचाळीस झाली. तिघांनी माझ्याविरुद्ध अभिप्रायवहीत लिहिलं. एकाने लिहिलं, 'क्लार्क ग्राहकांशी गप्पा मारत बसतो.' साहेबांना वरून विचारणा झाली : काउंटरवरचा सरासरी वेळ त्या दिवशी का वाढला? उत्तर लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. वर्षापूर्वी काकांचे चार लाख चार मिनिटांत घालवले तेव्हा माझी सेवा 'अत्यंत तत्पर' होती. हा हिशेब तुम्हीच लावून बघा. मला टॅली लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं झाल्यावरही तुझं भांडण कुणाशी? श्वासाशी नाही. १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन या माणसाने कायमच्या दुखण्यांनी पिडलेल्या रोग्यांसाठी काही आठवड्यांचा अभ्यास सुरू केला. ज्या वेदनेवर डॉक्टरांकडे इलाज उरला नाही, ती वेदना घेऊन जगावं कसं, हे त्यांना शिकवलं. मनुका तिथेही आहे. त्याला माझा साष्टांग नमस्कार. पण ते दुखणं इलाज नसलेलं होतं. आमच्या दुखण्यावर इलाज आहे आणि तो दोन ओळींचा आहे : काउंटर क्रमांक तीन आणि चारवर माणूस बसवा. हा इलाज परवडत नाही म्हणून रोग्याला श्वास मोजायला बसवायचं, याला मी सुख म्हणणार नाही. घर गळत असताना मालकाने कौलं न शाकारता भाडेकरूला पावसाकडे तटस्थपणे बघायला शिकवावं, त्यातला हा प्रकार.

आणि दुसरं भांडण त्या कागदावरच्या वाक्याशी. 'आपण सुखी तर ग्राहक सुखी.' म्हणजे लक्ष ही मी माझ्या खात्यात टाकायची ठेव, आणि व्याज सुटलंच तर त्यातलं थोडं ग्राहकाला. चूक! लक्ष माझ्या जमेच्या बाजूला नाहीच. ते देणं आहे. काचेपलीकडे जो उभा आहे त्याचं ते माझ्याकडे येणं निघतं. माझी आजी तांदूळ निवडायला बसे तेव्हा तोंडाने जप चाले, बोटं खडे वेचत, एक डोळा चुलीवरच्या दुधावर आणि दुसरा ओटीवर रांगणाऱ्या माझ्यावर. तिला कुणी 'या क्षणात राहा' म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, 'या म्हणजे कुठल्या? दुधाच्या की पोराच्या?' आपल्याला किती शांत वाटतंय हे बघायला तिला उसंत नव्हती. पण आमच्या पानातल्या भातात आयुष्यात खडा लागला नाही.

समोरच्याची पारख न करता नुसता अनुभव घेत बसलो असतो, तर सोमवारी बाईंचे आठ लाख मी फार प्रसन्न चित्ताने पाठवले असते. पारख हवी. आठवण हवी. चूक झाली असेल तर ती पुन्हा तसा माणूस समोर येईपर्यंत बोचायला हवी. ती बोच काढून टाकून मिळणारं सुख मला नको. माझ्या पंख्याखाली मला पुरेसं आहे.

पुढच्या बैठकीत साहेबांनी विचारलं की, कार्यशाळेबद्दल कर्मचाऱ्यांच्या काही सूचना? मी लेखी दिली. चार शब्द : 'मनुका नको, माणूस द्या.' हेडकॅशियरने खाली सही केली आणि कंसात दुरुस्ती सुचवली : 'बेदाणा'. माणूस अजून आलेला नाही. सूचना 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' वर गेली आहे. तीही अनित्य आहे, हे मी जाणतो.

राहता राहिलं सुख. ते मुदतठेवीसारखं एकदा ठेवलं आणि पिकत बसलं, असं मला तरी कधी आढळलं नाही. फार तर ते रिकरिंग आहे : दर महिन्याला भरायचं, चुकलं की दंड.

म्हणजे असं की, पुढच्या महिन्याच्या चार तारखेला बाई आल्या. रांगेत उभ्या राहिल्या. सूचनाफलकावर ते कार्यशाळेचं परिपत्रक अजून लटकत होतं. बाईंनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि 'चिरस्थाई'मधली 'ई' खोडून 'यी' केली. थोडं मागे होऊन पाहिलं. पुन्हा पुढे झाल्या आणि तो सगळा शब्दच खोडून टाकला. मग माझ्या काउंटरवर येऊन त्यांनी पासबुक दाणकन आपटलं.

"हे काय? पुन्हा दोन नोंदी एकावर एक! तुमचा तो खडखड्या दुरुस्त करणार आहात की नाही?"

अहो, काय सांगू, इतकं बरं वाटलं!